बांधात राहिलेला भाऊ

पुण्याच्या बायकांना काळ्या मातीचं भारी कौतुक. बिबवेवाडीकडच्या मळ्यातली माती मुठीत धरून एकमेकींना दाखवतात, "बघा हो, लोणी आहे नुसतं लोणी." मी मान डोलावते. उगाच कशाला कुणाचा हिरमोड करा? पण खरं सांगते, ओली काळी माती दिसली की मी दोन पावलं मागं सरते. मी घाटाखालची, खाडीकाठची. आमच्याकडची माती वेगळी. ती कशी असते ते आधी सांगायला हवं, नाहीतर माझ्या भावाचं काय झालं ते कुणाला कळायचं नाही.

आमच्या गावातून समुद्र दिसत नसे, पण खाडीतून तो रोज दोन वेळा आमच्या दारापर्यंत यायचा. खाडी आणि भातशेती यांच्या मध्ये एक मातीचा बांध होता. बांधाच्या आतल्या जमिनीला आम्ही खाजण म्हणायचो. जमीन मुळात खाडीचीच. कधीकाळी वाडवडिलांनी बांध घालून तिच्याकडून हिसकावून घेतलेली. चिकण, निळसर काळी. पावसात मांडीपर्यंत आत ओढणारी, आणि उन्हाळ्यात अख्खा हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. त्या भेगांच्या कडेला मीठ फुलायचं. आम्ही पोरं ते नखानं खरवडून कैरीला लावायचो.

त्या जमिनीत पाणी मुरत नाही आणि हलतही नाही, नुसतं बसून राहतं. म्हणून तिला धुवावं लागतं. पावसाचं गोडं पाणी साठवायचं, त्यात मीठ उतरू द्यायचं, ओहोटी लागली की बांधातली लाकडी झडप उघडून ते पाणी खाडीत सोडून द्यायचं आणि भरतीच्या आधी झडप बंद करायची. या झडपेला उघाडी म्हणतात. असं पुन्हा पुन्हा धुतल्यावर घरातलं मोठं माणूस चिमूटभर माती जिभेवर ठेवून बघायचं. जिभेला खार कमी लागला की मग मोड आणलेलं भात त्या चिखलात फेकायचं. नांगर तिथं चालत नाही, बैल पोटापर्यंत रुततो. येतो तो तांदूळ लाल आणि जाडा. पुण्यात भिकारीसुद्धा नाक मुरडेल. आम्ही त्याच्यावर वाढलो आणि काही बिघडलं नाही आमचं.

त्या चिखलात चालायचीही रीत असते. पाय सरळ वर ओढला की चिखल घट्ट धरतो. बोटं खाली वाकवायची, टाच बाजूला फिरवायची, वारा आत जाऊ द्यायचा आणि मग पाय काढायचा. खाजणातलं पोर उभं राहायला लागलं की हेच शिकतं. ती चाल पुढं कोरड्या जमिनीवरही सुटत नाही. माझी अजून सुटलेली नाही, पुण्यात पोरी मागून हसतात.

आणि बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून खाडी आत आली, की सगळं संपलं. एकदा खारं पाणी जमिनीवर बसलं की दोन-तीन पावसाळे दाणा उगवत नाही. म्हणून बांध म्हणजे अख्ख्या गावाचा जीव. बांध फुटल्याची हाळी आली की घरटी एक तरी गडी धावलाच पाहिजे. जो येणार नाही त्याच्या घरचा विस्तव गावात कुणी घेत नसे.

उघाडी सांभाळायचं काम माझ्या थोरल्या भावाकडे होतं. मिसरूड फुटलेला, दांडगा, आणि जिभेला हाड नसलेला. मला येता-जाता टपल्या मारायचा. "ही बाय मोठी झाली की हिच्या नवऱ्याला मी आधीच हात जोडून ठेवतो," म्हणायचा. मी चिडून त्याच्या पाठीवर चिखल फेकायचे. तो हसायचा आणि मला तसंच उचलून पाण्यात बुचकळायचा. आईचा त्याच्यावर फार जीव. आमचा धाकटा भाऊ तेव्हा पाळण्यात होता.

श्रावणातल्या अमावस्येला भर दुपारी उधाण आलं. वरून पाऊस, खालून खाडी. उघाडीच्या बाजूलाच बांध ढासळला. हाळी झाली. सगळे गडी धावले, बायकाही धावल्या. चिखलाची ढेपळं हातोहात पुढं जात होती, मी पेंढा पोचवत होते. खांडीत काठ्यांचे विणलेले कूड उभे करायचे आणि त्यांच्यामागं चिखल भरायचा, अशी रीत. कूड पाण्यानं सरकू नये म्हणून कुणीतरी त्याला पाठ लावून उभं राहावं लागतं. माझा भाऊ उभा राहिला. छातीइतक्या पाण्यात. मला अजून त्याचं तोंड दिसतं. ओरडून ओरडून सगळ्यांना हुकूम सोडत होता, जसा काही गावचा पाटीलच.

मग बांधाचा आणखी एक मोठा लचका खाली आला. कुणाला काही दिसेना. ओहोटी लागली होती, आत शिरलेलं पाणी उलटं बाहेर धावत होतं, आणि हीच वेळ असते खांड बुजवायची. गडी चिखल टाकत राहिले. खांड बुजली. सगळ्यांनी कपाळावरचं पाणी निपटलं, श्वास घेतला, आणि मग कुणीतरी विचारलं, "पोरगा कुठाय?"

तो आत शेतात नव्हता. बाहेर खाडीत काही दिसत नव्हतं. आई ताज्या चिखलावर हातांनी खणायला लागली. "माझं पोर आत आहे, उकरा रे, उकरा." जाणत्यांनी तिला धरलं. बांध उकरला असता तर रातच्या भरतीला पुन्हा खांड पडली असती. आईच्या नखांतून रक्त येत होतं आणि ती एकेकाचं नाव घेऊन तळतळाट करत होती. माझा बा तिथंच उभा होता.

शेवटी देवाला कौल लावला. घाटावरच्या लोकांना हे सांगावं लागतं. आमच्याकडे देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गुरव गावाच्या वतीनं विचारतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवानं विचारलं, "पोर बांधात राहिलं का, महाराजा?" उजवी पडली. "मग त्याला राखणीला ठेवून घेतलंस का?" पुन्हा उजवी. झालं. त्या दिवसापासून माझा भाऊ आमच्या बांधाचा राखणदार झाला. पलीकडच्या तिवरांच्या झाडीत एक होडी घालून बघू, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. देवानं सांगितल्यावर कोण कशाला होडी घालतो?

त्या जागी दगड बसवला, त्याला शेंदूर लावला. दर श्रावणात नारळ, कोंबडा, आणि भात कापलं की पहिली मूठ त्याला. आमच्या घराला मान मिळाला. बांधालगतचा जमिनीचा एक तुकडा गावानं आम्हाला बिनधाऱ्याचा दिला. आणि खरंच, तो बांध पुन्हा त्या ठिकाणी फुटला नाही. लोक म्हणायचे, भरतीच्या वेळी बांधाच्या पोटातून कुणीतरी खोकल्यासारखा आवाज येतो. मीही ऐकलाय. खेकड्यांच्या बिळात पाणी शिरलं की तसा आवाज येतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी पळत सुटायचे.

आई रोज दिवेलागणीला तिथं जायची. दगडापुढं पणती ठेवायची आणि त्याच्याशी बोलत बसायची. कुणाची गाय व्याली, धाकट्याला दात आला, मामाच्या घरी कुरबुर काय झाली. बोलता बोलता मधेच थांबायची, समोरचा बोलायला जेवढा वेळ घेतो तेवढा वेळ. मग हसायची किंवा "असं कसं म्हणतोस?" म्हणायची. तिच्याबरोबर जायचं म्हटलं की मी काहीतरी काम काढून मागं राहायचे. मला त्याचा आवाज कधीच ऐकू आला नाही आणि तिला रोज येत होता. बा मात्र त्या दगडाकडे कधी फिरकला नाही. शेतावर जायचं तर लांबचा वळसा घालून, गुडघाभर पाण्यातून जायचा. आम्हाला वाटायचं, त्याला दुःख सोसवत नाही.

पुढं माझं लग्न झालं आणि मी घाट चढून पुण्याला आले. माझा घरधनी आमच्याच बाजूचा, पण त्याचा बाप पुण्यात पाथरवटाच्या हाताखाली लागलेला. तेव्हा पुणं नुसतं फुगत चाललं होतं. श्रीमंत पेशव्यांचं राज्य, जिकडे बघावं तिकडे बांधकाम, हात असलेल्या माणसाला काम होतं. पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याजवळ तळं बांधायचं काम निघालं आणि घरधनी तिथं दगड रचायला जाऊ लागला. मी दुपारची भाकरी घेऊन जायचे. पुण्याची माणसं बोलायला तिखट. पहिल्याच दिवशी तिथला मुकादम मला म्हणाला, "अहो बाई, भाकरी पोचवायला आलात की तळं भरेपर्यंत थांबणार आहात?" मी म्हटलं, "तुमच्या कामाचा वेग बघता भाकरी शिळी होईपर्यंत तरी थांबावं लागेल." त्यानंतर तो माझ्या वाटेला गेला नाही. बा त्याच सुमारास तापानं गेला. धाकटा भाऊ हाताशी आला होता, त्याचंही लग्न उरकलं, त्याला पोरं झाली. आई त्यांच्यात राहिली.

एके दिवशी तळ्याच्या पाळीवर लोक माती तुडवत होते. माती टाकायची, पाणी मारायचं, माणसांनी आणि बैलांनी तुडवायची. मी सहज बघत उभी होते. सगळे गडी पाय फसाफसा वर ओढत होते. त्यांच्यातला एकच जण टाच बाजूला फिरवून पाय काढत होता.

माझ्या हातातलं भाकरीचं फडकं खाली पडलं. दाढी वाढलेली, केसांत पांढरं, एक खांदा उतरलेला. मी तशीच चिखलात उतरले. "दादा," म्हटलं. त्यानं वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली. "बाई, तुमची काहीतरी चूक होतेय," म्हणाला, अगदी पुणेरी बोलीत. मी त्याचा दंड धरला. गरम होता, नाडी उडत होती. माझ्या तोंडून काय काय गेलं ते मला आठवत नाही. घरधनी धावत आला. बाजूचा गडी म्हणाला, "वहिनी, हा तर कोकण्या. इथं सगळे त्याला कोकण्याच म्हणतात. त्याला घर ना दार." कोकण्या तिथंच चिखलात खाली बसला आणि म्हणाला, "बाय, हळू बोल."

संध्याकाळी त्यानं आमच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं. बांधाचा लचका कोसळला तेव्हा ओहोटीच्या पाण्यानं त्याला कुडासकट बाहेर खाडीत ओढून नेलं. खांद्याचं हाड मोडलं. पलीकडच्या तिवरांत अडकून पडला, तापानं फणफणला, शिंपल्या चघळून दिवस काढले. अंगात जीव आल्यावर ओहोटीला चिखल तुडवत घराकडे निघाला. बांधावर आला तर तिथं शेंदूर लावलेला दगड, आणि दगडापाशी एकटा बा.

"बा मला मिठी मारील असं वाटलं," भाऊ म्हणाला. "त्यानं आधी चारी बाजूंना बघितलं."

बा त्याला म्हणाला होता, देवानं होय म्हटलंय. गावानं ऐकलंय. आता तू दिसलास तर लोक म्हणतील, बांध रिकामा आहे. मग ते काय करतील ते मला सांगता येत नाही. तू जा. घाट चढ आणि परत येऊ नकोस. स्वतःची घोंगडी काढून त्याच्या अंगावर टाकली आणि पाठ फिरवली. भावानं विचारलं, "आयेला तरी सांगू?" बा म्हणाला, "ती ओरडत गावात धावेल. मग तू संपलास."

"बानं मला वाचवलं का गावाला विकलं, ते मला अजून कळलं नाही," भाऊ म्हणाला. मला मात्र तेव्हा सगळं कळल्यासारखं वाटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई रोज पणती घेऊन दगडाशी बोलत होती, आणि बा ओटीवर बसून ते बघत होता! मेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. मी दिल्या, मनातल्या मनात आणि मोठ्यानंही. घरधन्यानं मला पाणी दिलं.

मला एकच हवं होतं. आईचे डोळे मिटायच्या आत तिनं त्याला जिवंत बघावं. ती थकली होती, खोकल्यानं खिळखिळी झाली होती, आणखी किती पावसाळे काढील कुणास ठाऊक. भाऊ खाली जायला तयार नव्हता. गावाचं नाव काढलं की तो उठून चालायला लागायचा. "मग तिलाच वर आणते," मी म्हटलं. घरधनी म्हणाला, "अगं, मेलेल्याला उठवायला निघालीस, उद्या ते गावात कळलं तर?" मी म्हटलं, "गाव गेलं खड्ड्यात. मी आईला सांगणार आहे, गावाला नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच माझे दिवस भरत आले होते, तेवढं निमित्त पुरलं. मीठ घेऊन येणाऱ्या बैलांच्या तांड्याबरोबर निरोप धाडला, की पहिलं बाळंतपण आहे, आई हवी. भाताची कापणी उरकल्यावर आई त्याच तांड्याबरोबर घाट चढून आली. गुलटेकडीच्या पायथ्याशी तांडा उतरला, तिथून मी तिला घरी आणली. कमरेत वाकली होती. बरोबर लाल तांदळाचं गाठोडं. पाय धुतले, पाणी प्यायली आणि पहिलं वाक्य काय, तर "धाकट्याच्या बायकोला पणती लावायला सांगितलंय. विसरायची नाही ना गं ती?"

मी ठरवलं होतं, हळूहळू सांगायचं. पण दिवेलागण झाली की ती मावळतीकडे तोंड करून बसायची आणि ओठ हलायला लागायचे. इथून, पुण्यातून, ती त्याच्याशी बोलायची! माझ्या घराच्या भिंतीपाशी. आणि तिकडे तिचा पोरगा पर्वतीच्या पायथ्याशी चूल पेटवत असायचा. त्या वेळी घरात बसवत नसे मला. एकदा धीर करून म्हटलं, "आये, दादा त्या दिवशी वाहून गेला असेल, कुठंतरी जगला असेल, असं नाही का होणार?" तिनं माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "तू लहान होतीस. तो तिथंच आहे. मी रोज बोलते ना."

शेवटी त्रिपुरी पौर्णिमेचा दिवस ठरवला. सणामुळे तळ्याचं काम लवकर सुटणार होतं. भावाला बजावून सांगितलं, नदीवर जा, स्वच्छ अंघोळ कर, दाढी करून घे, मी दिलेलं धुतलेलं धोतर नेस आणि मग ये. तोवर मी आईला सांगून ठेवते. पण माझं तोंड उघडायच्या आतच तो आला. कामावरून तसाच. गुडघ्यांपर्यंत चिखल, केसांत चिखल, खांद्यावर ओली घोंगडी. मला हळूच म्हणाला, "नदीवर गेलो असतो तर तिथूनच पळून गेलो असतो."

आई दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिनं वर बघितलं. मला वाटलं, आता ही किंचाळेल किंवा घेरी येऊन पडेल. तिनं सूप बाजूला ठेवलं. आधी त्याच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"आलास?" ती म्हणाली.

भावानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. एवढा मोठा बाप्या, लहान पोरासारखा. मीही रडत होते, बरं वाटत होतं मला, सुटले असं वाटत होतं. आई त्याच्या केसांतून हात फिरवत होती. मग तिनं बोटाला लागलेला चिखल जिभेवर ठेवला आणि तिचा चेहरा बदलला.

"खार राहिला नाही तुझ्या अंगाला," ती म्हणाली. "किती दिवस झाले जागा सोडून?"

भावाला कळलं नाही. "आये, मी जिता आहे," तो म्हणाला. "मी बांधात नव्हतोच गं कधी. वाहून गेलो होतो."

"असं बोलू नये." तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "आज पुनव आहे. तिथं उधाण असेल. धाकट्याची पोरं त्या बांधाखाली निजतात. तिथं कोण आहे आता?"

मी पुढं झाले. "आये, काय बोलतेस? हात लाव त्याला. गरम आहे बघ, माणूस आहे तो!"

"गरम असायचाच. घाट चढून आलाय," आई म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, राग नव्हता. पोरगं गुरं सोडून खेळायला आलं तर आई जशी समजूत काढते, तसं बोलत होती. "मी इकडे आले म्हणून एकटं वाटलं होय रे तुला? मी काय कायमची आलेय? हिचं बाळंतपण झालं की येतेच. तिथं मी रोज भेटतेच ना तुला? असं राखण सोडून येऊ नये, बाळा. परत जा."

मी तिचे खांदे धरून हलवले. बा काय म्हणाला होता ते सगळं एका दमात सांगितलं. ओरडून सांगितलं, शेजारच्या बायका दारात आल्या. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझा बा कशाला खोटं बोलेल? देवानं होय म्हटलं होतं." मला तिचा इतका राग आला, आणि त्याच वेळी तिला कुशीत घ्यावंसंही वाटलं. त्या दगडाशी बोलून ती एवढी वर्षं जगली होती. तो दगड तिच्याकडून काढून घेतला तर तिच्याकडे काय उरणार होतं, हे मला त्या घडीला दिसलं, आणि भावाला माझ्याआधी दिसलं असावं.

तो उठला. डोळे पुसले. "चुकलं, आये," म्हणाला. "जातो."

"उपाशी जाऊ नकोस," आई म्हणाली.

तिनं स्वतः चूल पेटवली, लाल तांदळाचा भात रांधला. मला वाटलं, आता त्याला पाटावर बसवील, शेजारी बसून वाढील. तिनं पत्रावळीवर भात वाढला आणि ती बाहेर अंगणात नेऊन जमिनीवर ठेवली. भोवती पाणी फिरवलं. आत आली आणि मला नि घरधन्याला म्हणाली, "तिकडे पाठ करून बसा. बघू नका. बघितलं तर तो जेवत नाही." नैवेद्य ठेवल्यावर आमच्याकडे असंच बसतात. आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून बसलो. मी का बसले, मला सांगता येत नाही. तिच्या आवाजात काहीतरी होतं.

आमच्या पाठीमागं माझा भाऊ जेवत होता. घास घेतल्याचा, गिळल्याचा आवाज मला स्पष्ट येत होता. मधे एकदा त्याला ठसका लागला. आईनं माझा हात घट्ट धरला आणि कुजबुजली, "ऐकलंस? तोच आवाज." तांब्या उचलल्याचा, ठेवल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज येईना. पर्वतीवर दीपमाळ लागली होती, तिकडून लोकांचा गलका ऐकू येत होता. आई उठेपर्यंत आम्ही हललो नाही.

पत्रावळीवर एक शीतही शिल्लक नव्हतं. आई ती उचलून बघत राहिली. "इतकी वर्षं ठेवते," ती म्हणाली, "कावळे खायचे, खेकडे खायचे. आज त्यानं स्वतः खाल्लं गं." आणि ती हसली. लहानपणानंतर तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. मग माझ्याकडे भात मागितला, पोटभर जेवली आणि न खोकता झोपली.

दुसऱ्या दिवशी घरधन्यानं कामावरून येऊन सांगितलं. कोकण्या आला नव्हता. त्याची चूल थंड होती, घोंगडी नव्हती. पुढंही तो कधी आला नाही. मी कात्रजच्या वाटेवर विचारलं, वारज्याकडे विचारलं, घाटाच्या वाटेनं येणाऱ्या प्रत्येक तांड्याला विचारलं. कुणाला तो दिसला नव्हता. आईला मी हे काही सांगितलं नाही. तिला कशाला सांगायचं होतं? तिच्या लेखी तो त्या रात्रीच घरी पोचला होता.